गाठमावशी आणि शून्य प्रलंबित पंधरवडा

फाल्गुन शुद्ध दशमी, बुधवार. सकाळी कोवळं ऊन, दहानंतर पातळ ढग. वारा नाही.

मुलांनो, ही हकीकत एका जंगलातली आहे. जंगल मोठं होतं, पण आपल्याला त्यातलं फार थोडं लागणार आहे. जंगलात एक कवठाचं झाड होतं. झाडाखाली एक कवठ पडून तडकलं होतं. त्या कवठाच्या आंबूस गरात एक सूत्रकृमी राहत होती. सूत्रकृमी म्हणजे सुताच्या तुकड्यासारखा बारीक किडा. ही मोजून एक मिलिमीटर लांब होती.

एवढीशी असली तरी ती स्वतःला राज्य समजत असे. यात हसण्यासारखं काही नाही. याहून हलकी राज्यं होऊन गेली आहेत.

या राज्यात एक लांब गल्ली होती. तिचं नाव अंडेआळी. वरच्या टोकाला अरुंद, पुढे रुंद, मध्ये कोपरासारखी वळलेली आणि शेवटी एक फाटक. वरच्या टोकाला सारख्या नव्या मुली जन्माला येत. मागची पुढचीला रेटी, आणि सगळ्या हळूहळू खाली सरकत. प्रत्येक मुलगी आपली खोली बरोबर घेऊनच सरकत असे, गोगलगाईसारखी. अशा त्या वेळी आळीत एक हजार मुली होत्या, म्हणजे एक हजार खोल्या.

वळणापर्यंत मुलगी सडसडीत असे. वळणानंतर ती भरत जाई, आणि फाटकाशी येईपर्यंत चांगली गुबगुबीत होई. फाटकात एक छोटी कोठडी होती. तिथे नवरेमंडळी बसलेली असत. या राज्यात नवरे आधी तयार करून ठेवायची पद्धत होती. ते वाट बघत बसत. त्यांना दुसरं काही येत नसे. मुलगी फाटकातून पार झाली की तिचं अंडं होई, आणि अंड्यातून पुढे नवी सूत्रकृमी, म्हणजे नवं राज्य.

एका मुलीला फाटकातून पार व्हायला तेवीस मिनिटं लागत. हा आकडा लक्षात ठेवा. मीही ठेवला आहे.

आता खोलीच्या आत बघा. प्रत्येक खोलीत एक जाडजूड पोथी होती आणि एक भटारखाना होता. पोथीत हजारो पदार्थांच्या कृती होत्या. पोथी जागेवरून हलवायची नाही, असा दंडक होता. म्हणून लेखनिक हवी ती कृती चिठ्ठीवर उतरवून भटारखान्यात पाठवी, आणि आचारी तो पदार्थ करी. हे पदार्थ खायचे नव्हते बरं का. एका चिठ्ठीतून स्नायूचा दोर निघे, दुसरीतून आतड्याचं अस्तर, तिसरीतून मज्जेची तार. मोठी माणसं अशा पदार्थांना प्रथिनं म्हणतात. आपण पदार्थच म्हणू.

अडचण एवढीच होती की फाटक जवळ आलं की लेखनिक दमत आणि पोथी मिटून ठेवत. अंडं झाल्यावरही काही वेळ पोथी उघडत नसे. आणि नेमका त्याच वेळात अंड्याला पदार्थांचा डोंगर लागे. म्हणून आळीची पूर्वापार चाल अशी होती, की चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवायच्या आणि पदार्थ मात्र करायचे नाहीत.

लिहून घ्यायचं आणि करायचं नाही. तुम्ही गृहपाठाचा विचार करताय, तो थांबवा. इथे हे एक काम होतं, आणि ते गाठमावशीकडे होतं.

गाठमावशीचं खरं नाव द्वारका. ते तिलाही क्वचितच आठवे. प्रत्येक चिठ्ठीवर कृती संपली की खाली कागदाचं एक लांब शेपूट असे. आचाऱ्यांना ते कोरं दिसे. मावशीला त्यावर एक बारीक खूण दिसे. खुणेची चिठ्ठी आली की मावशी शेपटाला गाठ मारी आणि ती चिठ्ठी त्या त्या मुलीच्या गाठोड्यात ठेवून देई. गाठ असलेल्या चिठ्ठीला आचारी हात लावत नसत. फाटकातून मुलगी पार झाली की सगळ्या गाठी आपोआप सुटत.

मावशी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरत गाठी मारी. संध्याकाळी ती आज काय काय झालं नाही ते मनात मोजी, आणि समाधानाने पाय पसरून बसे.

भटारखान्यांचा मुख्य होता गेणू आचारी. मनाने चांगला, हाताला चव. पण समोर चिठ्ठी आली की पदार्थ करायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं. का आणि कुणासाठी, हे त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

"मावशी, हात रिकामे आहेत," तो म्हणे. "एखादी सोड की."

"कुठली सोडू?"

"ती वरचीच. आतड्याची दिसतेय. आतडं मी झकास करतो."

"हौसाला आतडं कशाला रे? ती अजून खात नाही."

"पुढे लागेलच ना?"

"मग पुढे कर. तोवर भांडी घास."

ही हौसा म्हणजे रांगेतली सगळ्यांत पुढची मुलगी. ती फाटकाशी पोहोचली होती. रीत आधीच्या राज्यांपासूनची होती, पण हे राज्य अवघं तीन दिवसांचं होतं, आणि अजून त्यात एकही अंडं झालं नव्हतं. हौसा पहिली. त्यामुळे आळीत तिचं कौतुक होतं, आणि मावशी तिचं गाठोडं दिवसातून दोनदा तपासून बघे.

"मावशी," हौसा विचारी, "माझ्या गाठोड्यात काय काय आहे गं?"

"तुझं काही नाही त्यात. तुझ्यातून जे होणार आहे, त्याचं आहे."

"बघू तरी."

"बघितलंस तर तू तेच होऊन बसशील. मग अंडं कोण होणार?"

हौसाला हे कळत नसे. पण मावशी सांगते म्हणजे असेल, असं ती धरून चाले.

त्या बुधवारी सकाळी साडेनऊला सूत्रकृमीने न्याहारी केली. न्याहारी जीवाणूंची होती. सूत्रकृमीच्या घशात एक जातं असतं. जे गिळलं जातं ते त्यात भरडलं जातं, मग पोटात जातं. त्या दिवशी जात्याची एक फिरकी चुकली आणि एक जीवाणू न भरडता सुटला. तो पोटात उतरला, पोटाच्या भिंतीतल्या फटीतून पलीकडे गेला, आणि बरोबर दहा वाजता अंडेआळीत उभा राहिला.

दुसरा कुणी ताटातून निसटला असता तर कोपऱ्यात गप्प बसला असता. याने आल्या आल्या भटारखान्याची तपासणी सुरू केली.

त्याचं नाव उरकराव विसमिनिटे. आडनाव कर्तबगारीवरून पडलेलं होतं. दर वीस मिनिटांनी उरकराव मधोमध दुभंगत आणि एकाचे दोन उरकराव होत. दोघेही तितकेच उत्साही असत, आणि कुणालाही आधीचं काही आठवत नसे.

"या गाठोड्यांत काय आहे?" उरकरावांनी विचारलं.

"चिठ्ठ्या आहेत, साहेब," मावशी म्हणाली.

"किती दिवसांच्या?"

"काही कालच्या, काही परवाच्या."

"म्हणजे प्रलंबित."

"म्हणजे ठेवलेल्या."

"बाई, ठेवलेल्या आणि प्रलंबित यांत फरक काय?"

"ठेवलेल्याची वेळ ठरलेली असते."

उरकरावांनी हे लिहून घेतलं नाही. ते गेणूकडे वळले. "आचारी, तुम्ही आत्ता काय करता आहात?"

"भांडी घासतोय साहेब. घासलेलीच आहेत, पुन्हा घासतोय."

"बघा. कुशल मनुष्यबळ भांड्यांना लावलंय. आमच्याकडे असं चालत नाही. लेखनिक चिठ्ठीची पहिली ओळ लिहितो, तेव्हाच आचारी फोडणी घालतो. शेवटची ओळ लिहून होते तेव्हा पहिली वाढणी झालेली असते."

"अरे वा," गेणू म्हणाला.

"आणि चुकलं म्हणजे?" मावशीने विचारलं.

"चुकलं तर वीस मिनिटांनी दुसरे येतात."

मावशीने आळीभर नजर फिरवली. तिच्याकडे हजार मुली होत्या, आणि त्यांतल्या एकीच्याही जागी वीस मिनिटांनी दुसरी येणार नव्हती.

उरकरावांनी मग एक चिठ्ठी उचलली आणि तिचं शेपूट बोटांत धरलं. "हे काय?"

"शेपूट."

"यावर कृती आहे?"

"नाही."

"मग कशाला आहे?"

"धरायला," मावशी म्हणाली. तिला यापेक्षा चांगलं सांगता आलं असतं. पण तीन दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं.

"आमच्याकडे ज्या चिठ्ठीला शेपूट लागतं ती फाडायच्या ढिगात जाते," उरकराव म्हणाले. "निम्मा कागद कोरा आणि निम्म्या कोऱ्या कागदाला गाठ. म्हणजे काम अडवायला खास व्यवस्था केलेली आहे. या आळीत एक पदार्थ अडवायला गाठ लागते, आणि अंडं व्हायला किती वेळ लागतो म्हणालात?"

"फाटकात तेवीस मिनिटं."

"आमचं वीस. वरची तीन मिनिटं कुठे जातात, याची चौकशी झाली पाहिजे."

चौकशीसाठी समिती नेमली गेली. समितीत सुरुवातीला एकच सदस्य होते, उरकराव. दहा वाजून वीस मिनिटांनी दोन झाले. दहा चाळीसला चार. अकरा वाजता आठ उरकराव गोल बसले होते आणि एकमेकांना अनुमोदन देत होते. मावशीला निमंत्रित म्हणून बोलावलं होतं. निमंत्रिताला मत नसतं. गेणूला चहापाण्यासाठी बोलावलं होतं. त्यालाही मत नव्हतं, पण त्याने मान हलवली ती धरली गेली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मावशीला नोटीस मिळाली. "आपण गेल्या तीन दिवसांत आपल्या ताब्यातील एकाही चिठ्ठीवर कार्यवाही केलेली नाही. याबाबत आपल्यावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा दहा मिनिटांत करावा."

मावशीने दहा मिनिटांत खुलासा केला. तिचं अक्षर चांगलं होतं.

"महाशय, नोटिशीतला मजकूर बरोबर आहे. माझ्या ताब्यातल्या चिठ्ठ्यांपैकी एकही पदार्थ मी होऊ दिलेला नाही. न झालेल्या पदार्थांची यादी सोबत जोडली आहे. हौसाच्या खोलीत आतडं झालेलं नाही. स्नायू झालेला नाही. मज्जेची तार झालेली नाही. तिच्या मागच्या छबीच्या खोलीतही नाही. पुढील नऊशे अठ्ठ्याण्णव खोल्यांत तेच. यादी दोनदा तपासली आहे, काही राहून गेलेलं नाही. कळावे. द्वारका, गाठ विभाग."

समितीने हा कबुलीजबाब म्हणून नोंदवला.

साडेअकराला शून्य प्रलंबित पंधरवडा जाहीर झाला. पंधरवडा म्हणजे सूत्रकृमीचं बरंचसं आयुष्य. म्हणून सोयीसाठी तो दीड तासाचा करण्यात आला. दुपारी एकपर्यंत आळीतल्या हजार खोल्यांच्या सगळ्या चिठ्ठ्यांची शेपटं छाटायची आणि सगळे पदार्थ करून टाकायचे, असा ठराव झाला. शेपूटच नसेल तर गाठ कुठे मारणार, या मुद्द्यावर समितीत हशा झाला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी बत्तीस उरकराव कात्र्या घेऊन वरच्या टोकाला गेले आणि एकेक खोली उरकत खाली येऊ लागले.

भटारखाने पेटले. गेणूने इतक्या चिठ्ठ्या आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. तो इकडून तिकडे पळत होता.

"मावशी, बघ तरी. सगळे चुलीपाशी आहेत. एकाचाही हात रिकामा नाही."

"गेणू, काय करतोयस ते बघतोयस का?"

"आतडं करतोय."

"ते नाही विचारलं."

गेणूच्या हातात तोवर पुढची चिठ्ठी आली, म्हणून तो चुलीकडे गेला.

मावशी आळीतून भराभर खाली निघाली. वाटेत दोन्ही बाजूंच्या खोल्यांतून आनंदाचे आवाज येत होते. ज्या मुली सकाळपर्यंत नुसत्या गोल आणि गप्प होत्या, त्यांना काहीतरी होऊ लागलं होतं. एकीचं अंग आखडत आणि सुटत होतं. एकीला वास येत होता, पण नाक नव्हतं. एक नुसतीच पचवत होती. काय पचवत होती, हे तिलाही माहीत नव्हतं.

फाटकाजवळ हौसाच्या मागे छबीची खोली होती. कात्र्या तिथे बारा वाजून दहा मिनिटांनी पोहोचल्या. छबीचं गाठोडं उघडलं आणि तिच्यात एकदम स्नायूचा दोर ताणला गेला.

"हौसा, ए हौसा," छबी ओरडली. "मला हलता येतंय."

हौसाने वळून बघितलं. छबी खरंच हलत होती. खोलीच्या एका कडेने दुसऱ्या कडेला थडथडत होती.

"मावशी," हौसा म्हणाली, "माझं पण सोड."

"अगं बाई, अजिबात नाही."

"सगळ्यांना मिळालं. छबी माझ्या मागे असून तिला मिळालं. मी पहिली आहे ना?"

"पहिली आहेस म्हणूनच नाही."

"तू कायम हेच सांगतेस. आत्ता नाही, आत्ता नाही. कधी मग?"

मावशीने तिच्या गाठोड्यावर हात ठेवला. "पलीकडे. फाटकातून गेलीस की माझ्या हातून काहीच अडणार नाही. तेव्हा तू मला शोधूही नकोस."

"छबीचं काय होईल?"

मावशीने छबीकडे बघितलं. छबीला आता आतड्याचं अस्तर फुटत होतं, आणि तिची थडथड त्या अस्तरात गुंडाळली जात होती. तिचा गोल चेहरा कुठे गेला ते दिसत नव्हतं. फाटक अंड्याच्या मापाचं होतं. छबी आता कशाच्याच मापाची नव्हती.

"छबी उरकली," मावशी म्हणाली.

हौसा फाटकाकडे वळली.

बारा वाजून वीस मिनिटांनी दोन गोष्टी झाल्या. फाटकाची कडी सरकली आणि हौसा आत शिरू लागली. आणि सगळे उरकराव दुभंगले. चौसष्टांचे एकशे अठ्ठावीस झाले. त्यांतले एक ताजे उरकराव कात्री घेऊन मावशीपुढे उभे राहिले.

"शेवटचं गाठोडं," ते म्हणाले. "बाजूला व्हा."

मावशीच्या आयुष्यात विरोध हा प्रकार नव्हता. तिला गाठ मारता येत होती, एवढंच. तिने सकाळपासून समितीचं काम पाहिलं होतं. ती हळूच म्हणाली, "साहेब, हे प्रकरण समितीकडे अभिप्रायासाठी सादर केलेलं आहे."

उरकरावांची कात्री हवेत थांबली. मुलांनो, कात्री वाटेत काहीही कापते, पण अभिप्रायार्थ सादर झालेल्या कागदाला ती लागत नाही. हे उरकरावांना दुभंगण्याआधीपासून, रक्तातूनच ठाऊक होतं.

"कोणत्या समितीकडे?"

"आपल्याच."

"मग मांडा. लवकर मांडा."

मावशीने पदर सावरला आणि प्रकरण मांडायला घेतलं. लवकर मांडायचं म्हणजे काय हे तिला येत नव्हतं, आणि आज पहिल्यांदाच त्याचं तिला वाईट वाटलं नाही. तिने कवठापासून सुरुवात केली. मग आळीची लांबी, रुंदी, वळण. मग खोल्यांची संख्या. मग पोथी जागेवरून का हलवत नाहीत. मग लेखनिक कधी दमतात. हौसाच्या गाठोड्यातली प्रत्येक चिठ्ठी तिने विषयासह वाचून दाखवली.

"मुद्द्यावर या," उरकराव मधेच म्हणाले.

"येतेच आहे साहेब. चिठ्ठी क्रमांक एकशे सहा. विषय, त्वचा, पाठीकडची बाजू."

"पोटाकडची?"

"ती एकशे सात. आपण विचारलंत म्हणून आधी घेते."

मावशीचा आवाज सारखाच चालला होता. तिचं एक बोट मागे फाटकाच्या चौकटीवर होतं. हौसा चौकटीत आवळत आवळत पुढे सरकत होती. मधून मधून ती थांबे. मावशीचा आवाज तेवढा थांबत नसे.

"दोनशे बारा," मावशी म्हणाली. "आणि हे शेवटचं. आता अभिप्राय द्यावा."

बारा वाजून एकोणचाळीस मिनिटं झाली होती. उरकरावांनी घसा साफ केला. "सर्व बाबींचा विचार करता," ते म्हणाले, "हे गाठोडं तात्काळ..."

तेवढ्यात चाळीस झाली आणि ते दुभंगले.

मावशीसमोर दोन नवेकोरे उरकराव उभे होते. दोघांच्या हातांत कात्री होती.

"हे गाठोडं अजून का राहिलंय?" एकाने विचारलं.

"अभिप्रायासाठी सादर आहे साहेब."

"मागच्यांनी काय निर्णय दिला?"

"देत होते."

"आम्ही आत्ताच कार्यभार घेतलाय," दुसरे म्हणाले. "आम्हाला यातलं काही माहीत नाही. पहिल्यापासून मांडा."

"बरं," मावशी म्हणाली. "एका जंगलात एक कवठाचं झाड होतं."

ती आळीच्या वळणापर्यंत आली तेव्हा बारा वाजून त्रेचाळीस मिनिटं झाली. मागे कडी लागल्याचा आवाज आला. हौसा गाठोड्यासकट पार झाली होती. मावशीने मागे वळून बघितलं नाही, कारण दोन्ही उरकराव ऐकत होते. पण तिच्या बोटांना कळलं. गाठोड्यातल्या गाठी तिकडे एकामागून एक सुटत होत्या, पहिली, मग दुसरी, मग सगळ्या. तिने बोलणं वाक्याच्या मध्यावरच थांबवलं.

"पुढे?" उरकराव म्हणाले.

"पुढचं फाटकापलीकडे आहे साहेब. तिथे समितीचं चालत नाही."

गेणू हात पुसत आला. त्याच्या अंगावर सगळीकडे मैदा होता, निदान तो तरी त्याला मैदा म्हणत होता. "मावशी, नऊशे नव्याण्णव आतडी झाली. झकास झालीत." त्याने इकडेतिकडे बघितलं. "पण ती लावायची कुठे?"

मावशीने त्याला शेजारी बसवलं. दोघं आळीकडे बघत राहिली. आळीत जागोजाग दोर आखडत होते, तारा झणझणत होत्या, अस्तरं एकमेकांवर चढत होती. सगळे पदार्थ उत्तम झाले होते. खाली सरकणारी मुलगी मात्र एकही उरली नव्हती.

"मला कुणी सांगितलं नाही," गेणू म्हणाला.

"शेपटावर लिहिलं होतं रे."

"मला तिथे काही दिसायचं नाही."

"म्हणून तर मी होते."

दुपारी एक वाजता पंधरवडा संपला. पाचशे बारा उरकरावांसमोर अहवाल वाचण्यात आला. एकूण प्रकरणं एक हजार. निर्गत नऊशे नव्याण्णव. प्रलंबित एक, हौसा. फाटकापलीकडे गेल्यामुळे कार्यवाही करता आली नाही. अंड्याची मधली पायरी वगळून थेट अवयवांपर्यंत पोहोचल्याबद्दल आचारी वर्गाचं अभिनंदन करण्यात आलं. गेणूला प्रशस्तिपत्र मिळालं. ते कोरं शेपूट छाटून दिलेलं असल्यामुळे फार लहान होतं. प्रलंबित प्रकरणाबद्दल द्वारका, गाठ विभाग, हिला एक वाजून पाच मिनिटांनी निलंबित करण्यात आलं.

त्या राज्यात निलंबित माणसाला घरी पाठवत नसत. त्याचे बारीक तुकडे करून दुसऱ्या पदार्थांत वापरत. मावशीला हे ठाऊक होतं. हौसा फाटकातून गेल्यावर तिचं काम तसंही संपणारच होतं, अहवालाने ते फक्त लिहून ठेवलं. ती उठली, लुगड्याच्या काठाला एक गाठ मारली, सवयीने, आणि गेली.

दुपारी चार वाजता सूत्रकृमीने एक अंडं घातलं. त्यानंतर तिने एकही घातलं नाही.

आळीत जागा उरली नाही म्हणून उरकराव बाहेर पडले. आले त्या वाटेने नाही, पलीकडच्या. रात्रभर ते कवठावर वाढत राहिले आणि पुढच्या राज्यात पंधरवडा कसा राबवायचा याचा आराखडा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी, फाल्गुन शुद्ध एकादशी, गुरुवार. आकाश स्वच्छ, दव पडलेलं. सकाळी सहा वाजता हौसाचं अंडं फुटलं. आतून पिल्लू बाहेर आलं. त्याला त्वचा होती, पाठीकडची आणि पोटाकडचीही. स्नायू होते आणि ते स्नायूंच्या जागी होते. आतडं एकच होतं. त्याच्या अंगात एक इवलीशी अंडेआळीही होती, दोन खोल्यांची. आळीला पुढे गाठमावशी लागणार होती. तिच्या नेमणुकीची कृती पोथीत होती. अजून कुणी ती उतरवायला घेतली नव्हती.

पिल्लाला भूक लागली होती. त्याने तोंड उघडलं.

"स्वागताची तयारी दिसते," पुढचे उरकराव म्हणाले, आणि अहवाल काखेत धरून आत शिरले. त्यांच्या मागोमाग आणखी पंधरा शिरले.

पिल्लाच्या घशातलं जातं नवं होतं. सहा वाजून दहा मिनिटांनी ते एकदा फिरलं.

आत गेलेले उरकराव सोळा. भरडलेले सोळा. प्रलंबित शून्य.

तात्पर्य : आजचं काम उद्यावर टाकायला अक्कल लागते. आजच्या आज उरकून टाकायला कात्री पुरते.